फोन येत नाही त्या दिवसांचं काय?

८ मे २०२५ ची रात्र. पहलगामच्या हल्ल्याला सोळा दिवस झाले होते आणि ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दुसरा दिवस मावळला होता. आमच्या देवगडात आंब्याचा हंगाम आटपत आलेला. पडवीत शेवटच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या, गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास घरभर कोंदला होता. एरवी या दिवसांत दमून आम्ही नऊलाच आडवे होतो. त्या रात्री अकरा वाजून गेले तरी यांच्या हातातला रिमोट सुटत नव्हता. एका वाहिनीवर सांगत होते, आपल्या नौदलानं कराची बंदरावर हल्ला चढवला. दुसरीवर त्याच बातमीवर चार माणसं ओरडत होती आणि मधूनमधून स्टुडिओतच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता.

माझा मुलगा नौदलात आहे. कुठल्या बोटीवर, कुठल्या बंदरात, ते इथं लिहिणार नाही; का, ते पुढे येईलच. त्याचा शेवटचा फोन आला होता त्याला सहा दिवस झाले होते. "आई, आता थोडे दिवस फोन लागायचा नाही," एवढंच बोलला होता.

सव्वाअकराला माझा फोन वाजला. पलीकडच्या वाडीतल्या मावशींचा. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, पण सगळा गाव त्यांना मावशीच म्हणतो. त्यांचा मुलगा चौदा वर्षं नौदलात आहे.

"टीव्ही चालू आसा?"

"हो."

"बंद कर आदी. आमी येताव."

वीस मिनिटांनी पाणंदीतून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मावशी आणि त्यांचे यजमान, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी पदराखाली कुळथाच्या पिठीचा डबा आणला होता, कारण मी काही शिजवलं नसणार हे त्यांनी ओळखलं होतं. आम्ही चौघं माजघरात बसलो. युद्धाबद्दल एक शब्द निघाला नाही. त्यांच्या घराची कौलं परतायची राहिली होती त्यावर बोललो, त्यांचा मुलगा लहानपणी विहिरीत पडला होता ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. अडीच वाजता उठताना मावशी म्हणाल्या, "बोट भायर पडली की असाच आसता. माझ्या झिलाचो पस्तीस दिस फोन नव्हतो. जेव नि नीज."

कराचीची ती बातमी खोटी होती. दुसऱ्या दिवशी संरक्षण मंत्रालयानं सगळ्या वाहिन्यांना आणि लोकांनाही सांगितलं की लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. त्यानंतर कार्यक्रमांतून भोंगे वाजवू नका, अशीही सूचना सरकारकडून वाहिन्यांना गेली. १० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला, आणि २५ मेला, नेहमीच्या कितीतरी आधी, मोसमी पाऊस देवगडात येऊन पोचला. त्या गडबडीत बाकी सगळं वाहून गेल्यासारखं झालं. मला मात्र ती रात्र सोडत नाही. मावशी आल्या नसत्या तर मी काय केलं असतं? आणि आपल्याच जिल्ह्यात त्या रात्री अशी किती घरं असतील, जिथं पाणंदीतून कुणाचीच बॅटरी आली नाही?

माझं म्हणणं त्या प्रश्नातून निघालं आहे. ज्यांची मुलं सैन्यात आहेत अशा आईवडिलांनी गावागावांत, तालुक्यातालुक्यांत एकमेकांना धरून राहण्याची नीट, कायमची व्यवस्था उभी केली पाहिजे. आणि ती उभी करायला ग्रामपंचायतीनं, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयानं हात दिला पाहिजे. हा चारदोन घरांच्या चांगुलपणावर सोडायचा विषय नाही.

आपलं गाव माणसासाठी धावत नाही असं मी म्हणणार नाही. कोकणातला गाव धावतो. वाईट बातमी आली तर चुली बंद होतात, सगळ्या वाड्या एका अंगणात जमतात, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते तेव्हा महामार्गापासून घरापर्यंत माणसं हात जोडून उभी राहतात. मी ते पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण हे सगळं घडून गेल्यावर. त्याआधी वर्षानुवर्षं त्या घरात जे चाललेलं असतं, फोनची वाट, सणाला रिकामा पाट, दार वाजलं की पोटात येणारा गोळा, त्यात गावाला शिरता येत नाही. कसं शिरायचं हेच गावाला ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते फक्त तशाच दुसऱ्या घराला.

माझी आजी सांगायची, १९६५ आणि १९७१ च्या लढायांच्या वेळी तारवाला वाडीच्या तोंडाशी दिसला की बायका हातातली कामं टाकून देवाच्या खोलीत जाऊन बसायच्या. तार म्हणजे मरणाचीच, असं समीकरण होतं. पत्रं यायची ती निळ्या अंतर्देशीय कागदावर, पत्त्यात फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा आकडा. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, ते त्या आकड्यावरून कुणालाच कळायचं नाही. त्या बायका पत्र एकटीनं वाचत नसत. वाचता येत नसे, म्हणून शाळेतल्या मास्तरांकडे जायच्या, आणि मास्तर वाचायचे तेव्हा पडवीत दहा जणी बसलेल्या असायच्या. एका मुलाचं पत्र दहा जणी ऐकायच्या. तारही २०१३ मध्ये बंद झाली. पत्र गेलं, मास्तरांची पडवी गेली. फोन प्रत्येकीच्या हातात आहे आणि प्रत्येकजण आपापल्या घरात एकटी त्या फोनकडे बघत बसलेली आहे.

आणि हा फोन फसवा आहे. तो असतो, म्हणून तो वाजायलाच हवा असं वाटतं. माझा मुलगा २०१९ च्या सुरुवातीला ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या तळावरून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडला. ती परेड बघायला आम्ही मडगावहून हावड्याच्या गाडीनं गेलो, दूधसागर ओलांडून, गुंटकल, विजयवाडा, विशाखापट्टणम करत खुर्दा रोडला उतरलो. त्या वर्षी तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा, ताटात काय आहे ते दाखवायचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नौदलानं बोटींवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले. काही जणांनी समाजमाध्यमांवरून शत्रूला माहिती पुरवल्याचं उघड झालं होतं, आणि निर्णय योग्यच होता. पण आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. कळवण्याची पद्धतच नाही. एक दिवस कॉल थांबले. चौथ्या दिवशी मी अन्न सोडलं. मावशींना तेव्हा मी फक्त तोंडओळखीनं जाणत होते, बाजारात भेटल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, "झिलाचो फोन नाय?" पाच मिनिटं त्या भाजीवाल्याच्या फळीसमोर उभ्या राहून मला समजावत होत्या. फोन न येणं म्हणजे काही घडलं असं धरायचं नाही. घडलं तर खातं स्वतः कळवतं, घरी माणूस येतो. शांतता असली की कामावर आहे, असं समजायचं.

माझ्या सहा वर्षांच्या अनुभवातलं हे सगळ्यात मोलाचं ज्ञान आहे आणि ते कुठल्या पुस्तिकेत मिळालं नाही, भाजीच्या फळीसमोर मिळालं. आमच्या गावात दोन निवृत्त सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे. दोघेही मदतीला तयार असतात. कागद कसा लिहायचा, युनिटला कसं कळवायचं, ते त्यांनाच विचारावं. पण घरातली वाट पाहणं त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांनी ती पाहिलेलीच नाही; ते त्या वेळी सीमेवर होते. "फौजेत असं चालतंच" म्हणून ते विषय संपवतात. ती वाट त्यांच्या बायकांनी पाहिली आहे, आयांनी पाहिली आहे. आम्हाला सुभेदारांपेक्षा सुभेदारीणबाईंनी जास्त शिकवलं.

आता सरकारी बाजू बघा. सैनिकांच्या पत्नींसाठी तिन्ही दलांच्या कल्याणकारी संघटना आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. निवृत्त सैनिकांसाठी आरोग्य योजना आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. अवलंबून असलेल्या आईवडिलांना वैद्यकीय सोयही मिळते, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलं तर. हे सगळं हवंच. पण गावात राहणारे, ज्यांचा मुलगा आज नोकरीत आहे असे आईबाप या सगळ्यात कुठं बसतात? मुलाच्या कागदावर त्यांचं नाव असतं, एवढंच. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जवानांची कसम परेड होते तेव्हा आईवडिलांना गौरव पदक देतात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका रिक्षावाल्या दादांना ते मिळालं. त्यांनी ते काचेच्या कपाटात, मुलाच्या फोटोशेजारी ठेवलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवतात. लष्करानं त्या एका दिवशी त्यांना ओळखलं. त्यानंतर आजवर एकाही कार्यालयातून 'कसे आहात' एवढं विचारायला कुणी आलेलं नाही.

ते दादा मला म्हणाले होते, "माका पदक नको व्हता. माका कोणतरी सांगूक होया व्हता, हेच्या फुडे काय करूचा ता."

त्यांचा मुलगा अग्निवीर आहे. आणि या विषयावर मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण इथं आईबापांची काळजी एका नव्या वळणावर आली आहे. पूर्वी मुलगा भरती झाला की पेन्शनपर्यंतचा रस्ता दिसायचा. भीती असायची ती जिवाची. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम, बाकीची सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांतली मुलं २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून संपायला लागणार. योजना चांगली की वाईट, हा वाद मोठा आहे आणि तो होऊ द्यावा. मला दिसतो तो त्या रिक्षावाल्या दादांच्या घरातला वाद. आई म्हणते, लग्नाचं बघूया. बाप म्हणतो, कायम झाला तर बघू. मुलगा सुट्टीवर येतो तेव्हा दोघंही त्याच्याशी या विषयावर बोलत नाहीत, त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून. मुलगाही बोलत नाही, आईबापांच्या डोक्याला ताप नको म्हणून. एका सुट्टीचे वीस दिवस असे गेले. गाडी कणकवली स्टेशनातून सुटल्यावर दादा माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून रडले.

अशी तीन घरं आमच्या आसपास आहेत. तिघांनाही वाटत होतं की हा पेच फक्त आपल्याच घरात आहे. ते एकत्र बसले तेव्हा निदान काही गोष्टी बोलल्या गेल्या. येणाऱ्या पैशावर आधीच कर्ज काढायचं नाही. घर बांधायला घ्यायचं नाही. मुलगा परत आला तर 'काढून टाकला' असं बोलणाऱ्याला त्याच जागी थांबवायचं, कारण तो आपली मुदत पूर्ण करून आलेला असेल. यातलं शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. गावाची जीभ वाईट असते, आणि एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला ती आयुष्यभर लागू शकते. ती आवरायचं काम एकट्या बापाला जमणार नाही. दहा घरांनी मिळून सांगितलं तर गाव ऐकतो.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण गेलं वर्षभर मी ते तोंडावर ऐकते आहे.

पहिलं असं की, सैनिकाच्या आईनं रडायचं नसतं. शिवरायांच्या भूमीतली आई तू, असं म्हणून माणसं पाठ थोपटतात. मला विचारावंसं वाटतं, रडण्यानं देशाचं नेमकं काय जातं? माझ्या रडण्यानं मुलाची बोट मागे फिरत नाही. तो स्वतःच्या इच्छेनं गेला, मी त्याला ओवाळून पाठवला, पुन्हा पाठवीन. पण 'वीरमाता' हा शब्द असा आहे की तो एकदा कपाळावर लावला की त्या बाईला साधं 'मला भीती वाटते' म्हणायची मुभा राहत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. पळसगावचा मुलगा, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. त्या पुतळ्यासमोर मी उभी राहिले तेव्हा मला त्याचं शौर्य दिसलं, आणि लगेच मनात आली ती त्याची आई, समुद्रापलीकडच्या, नावही न ऐकलेल्या मुलखात मुलगा असताना भाताची लावणी करणारी. जुलै म्हणजे लावणीचेच दिवस. पायाखाली चिखल, पाठीवर पाऊस, आणि मनात ते. तिच्या शेजारच्या वाफ्यात जी बाई वाकलेली असेल, तिच्याबद्दल मी बोलते आहे.

दुसरं म्हणतात, चाकरमान्यांच्या आईबापांचं वेगळं काय असतं? अख्खं कोकण मनीऑर्डरवर वाढलं, घराघरांतली मुलं मुंबईला. खरं आहे. एकटेपणा तोच आहे. पण मुंबईच्या मुलाला गणपतीला कोकण रेल्वेचं तिकीट नाही मिळालं तर तो एसटीनं येतो, ट्रकनं येतो, आणि आईला घेरी आली तर रातोरात निघतो. माझ्या मुलाला तसं निघता येत नाही. आणि त्याच चाकरमान्यांनी गिरणीच्या काळात मुंबईत खोल्या घेतल्या, गावाच्या नावानं ग्रामस्थ मंडळं काढली, आजाऱ्याला इस्पितळात न्यायचं, मयताला गावी पाठवायचं, ते सगळं मंडळानं केलं. शंभर वर्षं आपण हे करत आलो. तीच अक्कल आता इकडे, गावातल्या टोकाला वापरायची आहे.

सैनिकांच्या घरांनी एकत्र येणं तर कोकणात त्याहूनही जुनं आहे. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा दापोलीच्या छावणीजवळ राहणारे निवृत्त सैनिक एकत्र आले. रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः लष्करातून निवृत्त झालेले, त्यांनी पुढाकार घेऊन सरकारकडे दाद मागितली. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते. या माणसांकडे ना पैसा होता ना मान, तरी आपल्या मुलांच्या हक्कासाठी त्यांनी एकत्र बसून कागद लिहिला.

आणि इथंच एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपली वाडी जातीची असते. मराठवाडी, बौद्धवाडी, भंडारवाडी, गाबितवाडी, मोहल्ला. वाडीच्या वाटा वेगळ्या, विहिरी कालपरवापर्यंत वेगळ्या होत्या. सैनिकांच्या आईबापांचं मंडळ वाडीपुरतं काढलं तर ते मंडळ कशाला? मराठा रेजिमेंट, महार रेजिमेंट, नौदल, तटरक्षक दल, सगळीकडे आपल्याच तालुक्यातली मुलं आहेत. रत्नागिरी आणि रायगडच्या मुसलमान घरांतून तर ब्रिटिश काळापासून खलाशी नौदलात गेले. फोनची वाट पाहताना पोटात जो खड्डा पडतो त्याला वाडी नसते, असं मला पूर्वी नुसतं वाटायचं. आता अनुभवानं सांगते. कुळथाच्या पिठीचा डबा घेऊन आलेल्या मावशी बौद्धवाडीतल्या. त्याआधीच्या तीस वर्षांत त्या आमच्या घरात जेवायच्या वेळी कधी आल्या नव्हत्या. आणि मीही त्यांच्याकडे गेले नव्हते, शाळेत शिक्षिका असून. ही चूक मी कबूल करते.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. आईबापांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला की कौतुकानं फोटो पडतात, 'आमचा बाळ आज अमुक ठिकाणी पोचला' असं कुणीतरी लिहितं. हे धोक्याचं आहे. लष्करानं २०२० मध्ये जवानांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती; जे मुलानं करायचं नाही ते आईनं का करावं? म्हणून आम्ही आसपासची घरं जी महिन्यातून एकदा एकत्र बसतो, त्यांच्यात ठरलेलं आहे: भेट समोरासमोर. ग्रुपवर फक्त 'रविवारी चार वाजता' एवढंच. युनिट, बोट, गाव, सुट्टीची तारीख, गणवेशातला फोटो, काही टाकायचं नाही. मागे एकीला फोन आला, "तुमचा मुलगा अपघातात सापडलाय, ताबडतोब पैसे पाठवा." ती बिचारी बँकेत निघाली होती. वाटेत आमच्यातल्या एकीला भेटली म्हणून वाचली. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली. एकटी असती तर पैसे गेले होते. सुरक्षेसाठी एकत्र येऊ नका म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

अजून एक भीती मला स्वतःला आहे. असं मंडळ उभं राहिलं की निवडणुकीत फलकावर लावायला ते सोयीचं असतं. नारळ, शाल, मंचावर रांगेत बसवलेल्या आया. त्याला आमच्याकडे ठाम नकार आहे. आणि सून-सासूचं भांडणही आत येऊ द्यायचं नाही. २०२४ मध्ये एका हुतात्मा अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी वारसाच्या नियमांचा प्रश्न उचलला तेव्हा देशभर लोकांनी त्या तरुण विधवेवर आणि म्हाताऱ्या आईबापांवर, दोघांवरही, घाणेरडं तोंडसुख घेतलं. नियम सुधारायचे तर सुधारावेत, आईवडिलांचा वाटा स्पष्ट असावा, असं माझंही मत आहे. पण आमच्या बैठकीला सुना येतात, त्यांच्याही मांडीवर तीच वाट पाहणं असतं.

बैठक म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेचा रिकामा वर्ग. पट कमी झाल्यानं दोन वर्ग बंदच असतात. आसपासच्या चार गावांतली तेवीस घरं वहीत लिहिली आहेत: नाव, फोन, रात्री कुणाला हाक मारायची, गाडी कुणाकडे आहे, आजार काय, औषध कुठलं. या वहीमुळे गेल्या पावसात एका बाबांचा जीव वाचला. रात्री छातीत दुखायला लागलं, घरात फक्त दोघं म्हातारी. काकींनी एकशेआठला फोन केला आणि दुसरा फोन त्या रिक्षावाल्या दादांना. दादा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळापर्यंत बरोबर गेले आणि चार दिवस तिथंच आवारात झोपले. बाबा शुद्धीवर आल्यावर पहिलं म्हणाले, "तेका सांगा नको." मुलाला सांगायचं नाही. आमच्यात यावर मोठा वाद झाला. मला वाटतं, सांगायला हवं. आपण लपवतो, मुलगा लपवतो, आणि मग फोनवर दोघंही 'बरं आहे' म्हणत राहतात. शेवटी काकींनीच ठरवलं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून युनिटला कळवता येतं हे त्याच वेळी आम्हाला कळलं. मुलाला सुट्टी मिळाली.

हे कार्यालयानं आधी सांगायला काय हरकत आहे? तालुक्याच्या गावी तीन महिन्यांतून एक दिवस कुणीतरी येऊन बसावं. मुलाच्या नोकरीच्या काळात जमिनीचा वाद उभा राहिला तर कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतात, हे किती आईबापांना माहीत आहे? वैद्यकीय कार्डासाठी म्हाताऱ्यांना मुंबईच्या किंवा गोव्याच्या फेऱ्या का पडाव्यात? ग्रामपंचायतीनं एक खोली द्यावी, वीजबिल भरावं, नाव कुठल्याही फलकावर लिहू नये. भरतीच्या वेळी मुलाच्या हातात कागदांचा गठ्ठा देतात, त्यात एक मराठी कागद आईवडिलांसाठी असावा: फोन कधी येणार नाही, का येणार नाही, अडचण आली तर कुणाला सांगायचं. एवढा एक कागद २०१९ मध्ये माझ्या हातात असता तर मी अन्न सोडलं नसतं.

आणि सण. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीवर फळापानांची माटवी बांधायची असते, गणपती डोक्यावरून आणायचा असतो. हे माझ्या घरचं काम मुलाचं होतं. यांचे गुडघे गेले आहेत. गेल्या वर्षी मूर्तिशाळेत आम्ही दोघं उभे होतो, कुणाला हाक मारावी या विचारात. मागून मावशींचे यजमान आले. त्यांच्या बोलण्याचा सूर विचारल्यासारखा होता, "मी घेव काय?" बौद्धवाडीतले, घरी गणपती बसवत नाहीत. यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी आनि मी दोघांनी धरूया." पाट दोघांनी धरला. शाळेच्या उतारावर यांचा पाय घसरला तेव्हा सगळा भार त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं पेलला.

पुढच्या आठवड्यात खालच्या गावातला एक मुलगा बेळगावला रुजू व्हायला निघतो आहे. वहीत चोविसावं घर लिहायचं आहे. त्याच्या आईला मी ओळखत नाही, घर खाडीपलीकडे, होडीनं जावं लागतं. मावशी म्हणाल्या, "फाल्यां सकाळी जाव. भरतेच्या आदी."